पहिला हप्ता कधी?

शिलाई मशीन घ्यायला कर्ज काढलेल्या बाईचा विचार करा. मशीन घरी आलं, तरी हात बसेपर्यंत आणि चार गिऱ्हाइकं जोडेपर्यंत महिना-दीड महिना सहज जातो. सूक्ष्मकर्जाच्या, म्हणजे गरिबांना तारणाशिवाय मिळणाऱ्या छोट्या कर्जाच्या, रूढ पद्धतीत मात्र पहिला हप्ता पंधरवड्यातच दारात उभा राहतो. मग ती कर्जातलेच काही पैसे हप्त्यासाठी बाजूला काढून ठेवते. किंवा मशीनचा विचारच सोडते आणि आज घेतला, आज विकला असा किरकोळ माल भरते. कर्ज मिळूनही तिचा धंदा जिथल्या तिथे राहतो, तो असा.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८च्या अंदाजानुसार जगात २०० कोटी लोक अनौपचारिक (नोंदणी किंवा करार नसलेल्या) कामात आहेत, म्हणजे काम करणाऱ्या दर १०० जणांतले ६१. त्यांच्याकडे पगाराची पावती नसते, बहुतेकांकडे तारण ठेवण्याजोगंही काही नसतं. बँकेला जोखीम वाटते तर तिने व्याज वाढवून कर्ज द्यावं, असं आपल्याला सहज सुचतं. जोसेफ स्टिग्लिट्झ आणि अँड्र्यू वाइस या अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये दाखवलं की हा उपाय बँकेवरच उलटतो. दर चढला की सावधपणे धंदा करणारे मागे फिरतात आणि बुडाले तर बुडाले म्हणणारेच जास्त उरतात. म्हणून बँक व्याज वाढवत नाही, सरळ नकार देते.

या नकारामुळे नेमकं किती नुकसान होतं, ते श्रीलंकेतल्या एका प्रयोगातून कळलं. सुरेश डी मेल, डेव्हिड मॅकेन्झी आणि ख्रिस्तोफर वुडरफ यांनी छोट्या व्यावसायिकांतून चिठ्ठ्या टाकून काहींना तिथले १० किंवा २० हजार रुपये दिले. काहींना रोख, काहींना माल-अवजारांच्या रूपात, आणि परतफेडीची अट नव्हती. या भांडवलावरचा परतावा महिन्याला सुमारे ५ टक्के निघाला, बाजारातल्या व्याजदरापेक्षा कितीतरी जास्त. या लोकांना धंदा कळत होता. अडलं होतं ते भांडवलाशी.

हे वाचल्यावर वाटतं, सूक्ष्मकर्जाने गरिबी झपाट्याने हटायला हवी. तसं झालं नाही. हैदराबादमध्ये १०४ वस्त्यांपैकी चिठ्ठीने निवडलेल्या ५२ वस्त्यांत एका संस्थेने कर्जवाटप सुरू केलं. सरासरी घराचा एकूण खर्च वाढला नाही. नफा वाढला तो मुख्यतः आधीपासून धंदा असलेल्या आणि त्यातही पुढे असलेल्या थोड्यांचा. इथिओपिया, मोरोक्को, मेक्सिको, मंगोलिया, बोस्निया इथल्या अभ्यासांतूनही आयुष्य पालटल्याचं चित्र दिसलं नाही. यावरून सूक्ष्मकर्ज फसलं असं म्हणणं मला घाईचं वाटतं. कर्ज कसं दिलं, हा प्रश्न त्यात राहूनच जातो.

एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्यात तोच तपासला. सगळ्या कर्जदार बायकाच होत्या. काहींचा पहिला हप्ता नेहमीसारखा दोन आठवड्यांनी, तर काहींचा दोन महिन्यांनी ठेवला. बदल एवढाच. उसंत मिळालेल्यांनी धंद्यात जास्त पैसे घातले आणि तीन वर्षांनी त्यांचा नफा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होता. मात्र त्यांच्यात कर्ज थकवणाऱ्यांचं प्रमाणही बरंच वाढलं. धंद्यात पैसा घालायचा म्हणजे तो कधी बुडणारही. लवकरच्या हप्त्याने संस्थेची वसुली सांभाळली जाते, पण ती जोखीम घेण्याची मुभा कर्जदाराला उरत नाही.

कर्ज मिळालं की धंदा आपोआप नोंदणीकृत होईल, ही समजूतही खरी ठरत नाही. मेक्सिकोत २००२ मध्ये बांको अस्तेका या बँकेने घरगुती वस्तूंच्या एका दुकानसाखळीत एकाच वेळी ८००हून अधिक शाखा उघडल्या. हप्त्यावर वस्तू नेणाऱ्या गिऱ्हाइकांची माहिती दुकानांकडे होतीच, आणि घरातल्या वस्तूही तारण म्हणून चालत. त्या भागांत अनौपचारिक धंदा करणाऱ्यांची संख्या ७.६ टक्क्यांनी वाढली, रोजगार आणि उत्पन्नही वाढलं. नोंदणीकृत धंद्यांत मात्र तशी वाढ दिसली नाही. मला यात वाईट काही वाटत नाही. नोंदणी नसली तरी ती कामं खरीच आहेत.

श्रीलंकेच्या प्रयोगातला एक आकडा मात्र मनातून जात नाही. तो ५ टक्के परतावा पुरुषांमुळे होता, बायकांच्या धंद्यात वाढ जवळपास शून्य. बायकांना धंदा जमत नाही, असा निष्कर्ष काढणं सोपं होतं. पुढे हीच आकडेवारी घराघरानुसार पुन्हा तपासली गेली. ज्या घरात धंदा एकट्या बाईचाच होता, तिथे तिचाही परतावा पुरुषांच्या तोडीचा निघाला. जिथे नवऱ्याचाही धंदा होता, तिथे तिच्या नावावर आलेलं भांडवल त्याच्या धंद्यात गेल्याच्या खुणा होत्या.