विद्युत चालक प्रेरणा व अंतर्गत रोध (विद्युत घटातील)

एकक विद्युत भार संपूर्ण मंडलातून एकदा फिरवण्यासाठी विद्युत घट जेवढी ऊर्जा पुरवतो, तिला त्या घटाची विद्युत चालक प्रेरणा म्हणतात. हाच भार घटाच्या आतून जाताना त्याला होणारा विरोध म्हणजे अंतर्गत रोध. जुन्या परिभाषेत ‘प्रेरणा’ म्हणजे बल. पण ही राशी बल नव्हे. तिचे एकक ज्यूल प्रति कुलोम, अर्थात व्होल्ट, आहे.

घटातून प्रवाह घेतला नाही, तर त्याच्या टोकांमधील विभवांतर (व्होल्टमधील फरक) चालक प्रेरणेइतके असते. प्रवाह सुरू होताच ते उतरते: टोकांमधील विभवांतर = चालक प्रेरणा − (प्रवाह × अंतर्गत रोध). समजा, मोकळ्या घटाचे वाचन १.५० व्होल्ट आले आणि ४.५ ओहमचा रोध जोडल्यावर ते १.३५ व्होल्टवर आले. प्रवाह ०.३ अँपिअर, आत खर्ची पडलेले ०.१५ व्होल्ट, म्हणजे अंतर्गत रोध ०.५ ओहम. घट प्रभारित करताना प्रवाह उलटा जातो, तेव्हा वजाच्या जागी अधिक येते.

ही प्रेरणा घटात नेमकी कोठे उपजते, हा प्रश्न एकोणिसावे शतक जवळजवळ संपेपर्यंत वादाचा होता. आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १८०० मध्ये जस्त व चांदीच्या चकत्या आणि त्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे रचून पहिली घटमाला केली. त्यांच्या मते दोन भिन्न धातूंचा स्पर्श हेच प्रेरणेचे मूळ. द्रव केवळ वाहक. इटलीचे रसायनज्ञ फाब्रोनी यांनी त्याआधीच रासायनिक क्रियेकडे बोट दाखवले होते. पुढे फॅरेडे यांनी ती बाजू भक्कम केली. केवळ स्पर्शाने अखंड प्रवाह मिळत असेल, तर शक्ती शून्यातून निर्माण होते असे मानावे लागेल, हा त्यांचा १८४० मधील आक्षेप निर्णायक म्हणावा असा आहे. विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५१ मध्ये रासायनिक क्रियेच्या उष्णतेवरून डॅनिएल घटाची (जस्त व तांबे यांच्या घटाची) प्रेरणा काढली, ती प्रत्यक्ष मूल्याशी बरीच जुळली. पण याच टॉमसन यांनी पुढे विद्युतमापकाने धातूंमधील स्पर्शविभव (नुसत्या स्पर्शाने त्यांच्यात पडणारा व्होल्टमधील फरक) मोजून व्होल्टांच्या मताला पुन्हा बळ दिले. आजच्या दृष्टीने स्पर्शविभव खरे आहे आणि टोकांमधील विभवांतराच्या हिशेबात त्याचा वाटा असतो. ऊर्जा मात्र रासायनिक क्रियेतूनच येते. टॉमसन यांचा नियमही अपुरा होता. प्रेरणा ठरते ती क्रियेच्या मुक्त ऊर्जेवरून (कार्यासाठी वापरता येणाऱ्या भागावरून), एकूण उष्णतेवरून नव्हे, हे गिब्ज व हेल्महोल्ट्झ यांच्या कामातून स्पष्ट झाले. डॅनिएल घटाची प्रेरणा (सुमारे १.१ व्होल्ट) तापमानानुसार फारच थोडी बदलते, म्हणून तेथे दोन्ही हिशेब जवळपास सारखे आले.

अंतर्गत रोधाची कल्पना ओहम यांच्या नियमाच्या मूळ मांडणीतच आहे. त्यांच्या १८२६ च्या सूत्रात छेदस्थानी जोडलेल्या तारेच्या लांबीबरोबर उरलेल्या मंडलाचा एक स्थिरांक येतो. त्या काळच्या घटांची प्रेरणा प्रयोग चालू असतानाच ढासळत असे. म्हणून भौतिकज्ञ पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून ओहम यांनी घट बाजूला ठेवून सांध्यांच्या तापमानांतील फरकाने प्रेरणा देणारी बिस्मथ-तांब्याची जोडणी वापरली. तिचा एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात असे.

अंतर्गत रोध ही घटात बसवलेली एखादी तार नव्हे. विद्युत विच्छेद्याचा (घटातील वाहक द्रवाचा) रोध, अग्रांचे (त्यात बुडवलेल्या पट्ट्यांचे) क्षेत्रफळ व त्यांमधील अंतर, पृष्ठावरील क्रियेचा वेग, ध्रुवीकरण (प्रवाह चालू असताना अग्रांपाशी साचणारा विरोध) या सर्वांचा तो एकत्रित आकडा आहे. तो प्रवाह, तापमान व घटाचे वय यांनुसार बदलतो. रेडिओचे उतरलेले सेल उन्हात ठेवण्याची आपल्या घरांतली जुनी रीत निराधार नाही. उष्णतेने आयनांची हालचाल वाढते, रोध काही काळ कमी होतो आणि आवाज पुन्हा येतो. संपलेले जस्त मात्र त्याने परत मिळत नाही.

प्रेरणा मोजण्यासाठी प्रयोगशाळेत पोटेन्शिओमीटर वापरतात. त्यात एका लांब तारेवरील विभवांतराशी घटाची प्रेरणा तोलतात आणि संतुलन साधणारी तारेची लांबी मोजतात. संतुलनाच्या वेळी तपासायच्या घटातून प्रवाहच जात नाही, त्यामुळे खरी प्रेरणा मिळते. साध्या व्होल्टमापकाचे वाचन नेहमी किंचित कमी असते. घटाला ज्ञात रोध जोडून संतुलन पुन्हा साधले, की दोन लांबींतील फरकाला दुसऱ्या लांबीने भागून त्या रोधाने गुणल्यास अंतर्गत रोध येतो. व्होल्टचे प्रमाण म्हणून १९११ ते १९९० या काळात वेस्टन घट (पारा व कॅडमियम यांचा घट) मान्य होता. २० अंश सेल्सिअसला त्याची प्रेरणा सुमारे १.०१८ व्होल्ट असते.

शिसे-अम्ल घटाची प्रेरणा सुमारे २ व्होल्ट आणि रोध अत्यल्प असतो, म्हणून मोटारीचा स्टार्टर शेकडो अँपिअर ओढू शकतो. जुन्या बॅटरीत रोध वाढतो. नुसते मोजल्यास १२ व्होल्ट दिसतात. पण स्टार्टर दाबताच दिवे मंदावतात. मेकॅनिक बॅटरी ‘लोडवर’ तपासतात ती याच कारणाने.