एस्पेरांतोतलं ‘स्त्सीइ’: जाणण्याचं क्रियापद आलं कुठून?

एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत ‘जाणणे, माहीत असणे’ यासाठी जे क्रियापद आहे ते रोमन लिपीत एस-सी-आय-आय असं लिहितात आणि ‘स्त्सीइ’ असं म्हणतात. नवशिक्यांची जीभ हमखास अडते ती इथे.

मूळ लॅटिनमधलं. प्राचीन रोममध्ये ‘सी’चा उच्चार ‘क’ होता, म्हणून क्रियापद ‘स्कीरे’. पुढे इ-ए या स्वरांआधीचा ‘क’ बदलला. इटलीत ‘एस-सी’ मिळून ‘श’ झाला. जर्मन आणि पोलिश शाळांमधल्या लॅटिनमध्ये मात्र ‘सी’ला ‘त्स’ म्हणायची पद्धत रुळली. एस्पेरांतोचा जनक लुडविक झामेनहॉफ (१८५९–१९१७) वॉर्सातल्या शाळेत शिकला आणि पोलिश लिपीतही ‘सी’ म्हणजे ‘त्स’च. १८८७च्या पहिल्या पुस्तकात त्याने स्पेलिंग लॅटिनचं ठेवलं, ‘एका अक्षराला एकच उच्चार’ हा नियमही पाळला. परिणाम: स, लगेच त्स.

हा ‘त्स’ मराठीत आहेच: ‘चमचा’, ‘पाच’ यांतला च. पण इकारापुढे आपण तो सोडतो आणि ‘चीन’मधला च म्हणतो, चूक होते ती तिथेच. उपाय सोपा. ‘पाच’ म्हणा, च तसाच धरून पुढे ‘ई’ जोडा, मग ‘पा’ गाळून आधी ‘स’ लावा. वाक्यात ‘मी स्त्सीअस’ (मला माहीत आहे) म्हणताना स मागच्या शब्दाला चिकटवला की काम हलकं होतं: मीस-त्सी-अस. प्राचीन रोमन थाटात ‘मी स्कीअस’ म्हणालात, तर अर्थ होतो ‘मी बर्फावर स्की करतो’!

माणूस किंवा गाव ओळखीचं असेल तर हे क्रियापद चालत नाही, तिथे ‘कोनी’ लागतं. ‘माहीत’ आणि ‘ओळखीचं’ यांतला फरक मराठी माणसाला समजवावा लागत नाही.

आणखी मागे गेलं, तर ‘स्कीरे’च्या धातूचा अर्थ ‘कापणे, वेगळं काढणे’ असावा, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृत ‘छिद्’ त्याच कुळातला. उलट आपल्या ‘विद्’चं लॅटिन भावंड ‘विदेरे’ एस्पेरांतोत ‘विदी’ झालं, पण अर्थ ‘पाहणे’. म्हणजे विद्येचा धातू तिकडे डोळ्यांच्या वाट्याला गेला आणि जाणण्याचं काम छेदाच्या घराण्याकडे आलं. ‘व्होली’ (इच्छिणे) जोडून बनलेलं ‘स्त्सीव्होला’ मात्र थेट आपल्या ‘जिज्ञासू’च्या घडणीचं आहे.