ऑइल प्रेशरचा काटा पडला? मीटर काढून पाठवू नका

आमच्याकडे जुन्या एमजी, ट्रायम्फ आणि त्यांच्या बरोबरीच्या गाड्यांची मीटरं दुरुस्तीला येतात. बरेचदा गाडी येतच नाही, नुसतं मीटर येतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सोबत चिठ्ठी: ‘प्रेशर दाखवत नाही, करून पाठवा.’ आम्ही ते टेस्ट बेंचवर लावतो, पंप मारतो आणि काटा व्यवस्थित वर जातो. मग फोन, मग मीटर परत, मग तीच तक्रार पुन्हा. हे पत्रक त्यासाठी छापलं आहे.

आधी एक गोष्ट. चालत्या गाडीत काटा एकदम शून्यावर आला तर ‘मीटर गेलं असेल’ म्हणून पुढे जाऊ नका. अर्ध्या खंबाटकीत असलात तरी गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. डिपस्टिक बघा, गाडीखाली ऑइल सांडलंय का बघा. ऑइल भरपूर दिसलं तरी गाडी टो करूनच आणा. बेअरिंग सुकं चालायला लागलं की क्रँकशाफ्ट जायला फार वेळ लागत नाही, आणि त्या खर्चापुढे टोइंगचे पैसे काहीच नाहीत.

आता रोजची तक्रार. एमजीबीचं (एमजीची जुनी स्पोर्ट्स गाडी) इंजिन गरम असताना चालत्या गाडीत दर चौरस इंचाला ५० ते ८० पौंड आणि स्लोवर (गाडी उभी, इंजिन चालू) १० ते २५ पौंड प्रेशर हवं, असं कंपनीनंच सांगितलेलं आहे. सकाळी थंड इंजिनवर ७० दाखवणारा काटा घाट चढून आल्यावर चहाच्या टपरीसमोर १५ वर आला, तर तो खरं सांगतोय. गरम ऑइल पातळ होतं, एवढंच. अशा वेळी कुणाचं तरी ऐकून जाड ऑइल किंवा डब्यातलं औषध ओतू नका. काटा वर येतो, पण थंड इंजिनला ऑइल पोचायला उशीर होतो आणि आम्हाला खरं प्रेशर कळत नाही. ते सगळं काढून, पुस्तकातल्या ग्रेडचं ऑइल भरूनच तपासणी सुरू करावी लागते.

पण सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा जातो तो मीटर ओढून काढण्यात. एमजीबीच्या पहिल्या मॉडेलांत एकाच डायलमध्ये दोन मीटरं असतात: ऑइल प्रेशर आणि पाण्याचं तापमान. ऑइलची नळी मागच्या नटातून सुटते. तापमानाची नळी सुटत नाही, ती मीटरला कायमची जोडलेली असते. उदबत्तीच्या काडीएवढी ही नळी फायरवॉलमधून थेट सिलिंडर हेडपर्यंत जाते, तिच्या टोकाला बल्ब असतो आणि आत ईथर भरलेलं असतं. बल्बचा नट गंजून बसलेला, डॅशमागे हात जात नाही, मग कुणीतरी पक्कड घेतो आणि कट् करतो. बारीक ‘फुस्स’ आवाज येतो. तापमानाचं चांगलं चालणारं मीटर तिथेच संपतं, आणि ऑइलच्या मीटरला बहुतेक वेळा काही झालेलंच नसतं.

तुटलेली नळी आम्ही जोडून देतो. त्यासाठी ईथर भरलेला दुसरा बल्ब नळीसकट मिळवावा लागतो. तो बर्फ-मिठात गाडून ठेवायचा, नळी कापायची आणि सांध्याला झाळ द्यायची. ईथर ३५ अंशांच्या आसपासच उकळतं, शिवाय झटकन पेट घेतं, त्यामुळे हे काम आम्ही मे महिन्यात दुपारी हातात घेत नाही आणि तुम्हीही घरी करू नये. जोडून झालं की उकळत्या पाण्यात तपासतो. साताऱ्याच्या उंचीवर पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे काटा २१२ फॅरनहाइटच्या (म्हणजे १०० अंशांच्या) थोडा अलीकडे थांबला तर तो बिघाड नाही. हा प्रश्न दर वेळी निघतो म्हणून लिहिलं.

तर काढण्याआधी काय बघायचं? नळीवाल्या, म्हणजे मेकॅनिकल मीटरला विजेशी देणंघेणं नसतं. साखर कारखान्याच्या बॉयलरवर असते तशीच वाकडी बोर्डन ट्यूब आत असते, प्रेशर आलं की ती सरळ व्हायला बघते आणि काटा फिरतो. इंजिन बंद करूनही काटा २० वर अडकला असेल तर मीटरखाली फडकं धरून मागचा नट थोडा सैल करा. काटा खाली आला तर नळी चोंदली आहे. हललाच नाही तर मीटरमध्ये दोष आहे, तेव्हा जरूर आमच्याकडे आणा. नट परत लावताना आतला चामड्याचा छोटा वायसर जागेवर आहे ना बघा. तो हरवला की गरम ऑइल थेट तुमच्या बुटांवर येतं.

इंजिन आणि नळी यांच्यामध्ये रबराचा लवचीक होज असतो. तो फुगला, तडकला की बदला. त्याच्याऐवजी सरळ तांब्याची नळी लावून देणारे मिस्त्री भेटतात. दिसायला छान दिसते, पण इंजिन हलतं, डॅश हलत नाही, आणि तांबं कडक होऊन एक दिवस तुटतं. मग चेंबर रिकामं.

इलेक्ट्रिक मीटर असेल तर इग्निशन ऑन, इंजिन बंद ठेवून सेंडरची (इंजिनवर बसवलेला, प्रेशर मोजून मीटरला कळवणारा भाग) वायर काढा आणि दोन-तीन सेकंद इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला टेकवा, त्याहून जास्त नाही. काटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकला तर मीटर आणि वायर ठीक आहेत (कुठल्या टोकाला जाईल ते सेंडरच्या बनावटीवर असतं). एक वायरवाल्या सेंडरचं अर्थिंग आट्यांमधूनच होतं. गळतं म्हणून त्यावर टेफलॉन टेपचे वेढे दिलेत, तर नवा सेंडरसुद्धा खोटं बोलेल. पेट्रोल आणि तापमानाचे काटेही एकदमच वेडेवाकडे वागत असतील तर ऑइलच्या मीटरला सोडा, डॅशचा सप्लाय आणि अर्थिंग बघा.

‘एवढ्याशा मीटरला अर्धा दिवस गाडी कशाला?’ असं विचारलं जातं. इंजिनला आमचं मास्टर गेज लावून, पूर्ण गरम करून, स्लोवर आणि रेसवर प्रेशर घेतल्याशिवाय आम्ही मीटर उघडत नाही. मीटर ठीक निघालं तरी तपासणीचे पैसे लागतात, कारण काम तेवढंच झालेलं असतं. रीडिंग आम्ही लिहून देतो. ते घेऊन दुसरीकडे इंजिनकाम करून घेतलंत तरी आमची हरकत नाही. बाजारातलं नवं स्वस्त मीटर बसवून हवं असेल तर बसवतो, मात्र त्याची गॅरंटी देत नाही. जुनं मीटर दुरुस्त केलं तर त्याचा डायल आणि अक्षरं आहेत तशीच ठेवतो, होजही जुना वाटला तर त्याच वेळी बदलून देतो.

येण्याच्या आदल्या दिवशी फोन करा आणि शेवटचं ऑइल कुठल्या ग्रेडचं, कधी भरलं ते सांगा. काटा शून्यावर आलेला नसेल तर गाडी चालवत आणलीत तर उत्तम, इंजिन गरम करण्याचा आमचा वेळ वाचतो.