सर्वेक्षणातील डेटा-शुद्धी

सर्वेक्षणात गोळा झालेली उत्तरे विश्लेषणाआधी एसपीएसएस, स्टाटा किंवा आर यांसारख्या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये तपासून, त्यांतील चुका आणि विसंगती हेरून वापरण्याजोगी करण्याची प्रक्रिया. व्यवहारात तिला ‘डेटा क्लीनिंग’ म्हणतात. उत्तरदात्याचे उत्तर सुधारणे हे या कामात बसत नाही. ते उत्तर कोणत्या आकड्याने नोंदले गेले, त्या आकड्याचा अर्थ काय आणि तो गणितात धरायचा की वगळायचा, एवढेच ठरवायचे असते. या नोंदीतील उदाहरणे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची आहेत. १९९२-९३ मध्ये सुरू झालेल्या या सर्वेक्षणाची समन्वयक संस्था मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, म्हणजेच आयआयपीएस, ही आहे. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबे, ७,२४,११५ स्त्रिया आणि १,०१,८३९ पुरुष यांच्या मुलाखती झाल्या.

सर्वांत घातक चुका सॉफ्टवेअर दाखवतच नाही. गणित बिनबोभाट पुरे होते. मुलांच्या वयानुसार उंचीचा झेड-स्कोअर, म्हणजे मुलाची उंची त्या वयाच्या प्रमाण-सरासरीपासून किती प्रमाणित विचलने दूर आहे ते सांगणारा आकडा, या सर्वेक्षणाच्या फायलींत शंभरपट करून ठेवलेला असतो. −२०० म्हणजे −२, आणि त्याखालचे मूल खुजे धरले जाते. पण त्याच रकान्यात ९९९६ आणि ९९९८ असे आकडेही येतात. ते मोजमाप नसून, नोंद शक्यतेच्या मर्यादेबाहेर असल्याच्या खुणा आहेत. त्या वगळल्या नाहीत तर अशी मुले खुजी मोजली जात नाहीत, एकूण संख्येत मात्र धरली जातात. समजा १०० मुलांपैकी १० नोंदी अशा आहेत आणि ३६ मुले खुजी आहेत. योग्य प्रमाण ९० पैकी ३६, म्हणजे ४० टक्के. निघते ३६ टक्के. कुपोषण आहे त्यापेक्षा कमी दिसते आणि पडद्यावर एकही इशारा येत नाही.

रिकामी जागाही अशीच फसवते. ‘माहीत नाही’, ‘उत्तर नोंदले गेले नाही’ आणि ‘हा प्रश्न लागूच नव्हता’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल न झालेल्या स्त्रीसमोर प्रसूतीच्या ठिकाणाचा रकाना कोराच असणार. तिला ‘दवाखान्यात प्रसूती नाही’ या गटात टाकणे ही ढोबळ चूक. स्टाटा रिकाम्या मूल्याला कोणत्याही संख्येपेक्षा मोठे मानते. त्यामुळे ‘वय ४५ पेक्षा जास्त’ अशी अट घातली की वय न नोंदलेले सगळे त्यात शिरतात. आरमध्ये अशा तुलनेचे उत्तरच रिकामे येते. एसपीएसएसमध्ये कोणते आकडे वगळायचे ते आपण जाहीर करावे लागते.

वयाची तपासणी वेगळ्या नजरेने करावी लागते, कारण तिथे एकेक नोंद बरोबर वाटते आणि खोट दिसते ती सगळ्या नोंदी एकत्र मांडल्यावर. जन्मतारीख ठाऊक नसलेली माणसे ४० किंवा ४५ असे ढोबळ वय सांगतात. ० आणि ५ ने संपणाऱ्या वयांची ही गर्दी व्हिपल निर्देशांकाने मोजतात: १०० म्हणजे गर्दी नाही, ५०० म्हणजे सगळी वये याच दोन अंकांवर. दुसरी खोट मुलाखतकाराकडून येते. लांबलचक प्रश्नावली १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांसाठी असते, म्हणून काम वाचवायला एखादीचे वय १४ किंवा ५० लिहिले जाते. १४ व १५ आणि ४९ व ५० या वयांच्या संख्या शेजारी ठेवल्या की हे उघडे पडते. म्हणूनच ही कोष्टके क्षेत्रकाम चालू असतानाच काढणे हिताचे. मुलाखतकारांमधला फरक हेरण्याची ही काळजी संगणकाच्या आधीची आहे. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालच्या पीक-सर्वेक्षणांत एकाच भागातून दोन स्वतंत्र नमुने वेगवेगळ्या पथकांकडून घेऊन त्यांची तुलना केली होती.

कुटुंबे, स्त्रिया, बालके अशा वेगवेगळ्या फायली एकमेकींना जोडण्याआधी प्रत्येक ओळीचा ओळख-क्रमांक एकमेव आहे ना, हे पाहून घ्यावे. मूळ फाइलला हात न लावता प्रत्येक बदल आज्ञांच्या फाइलमध्ये लिहून ठेवणे आवश्यक. माउसने केलेला बदल पुढे कुणालाच तपासता येत नाही.

भारांक, म्हणजे नमुन्यातील प्रत्येक नोंदीला लोकसंख्येतील तिच्या खऱ्या वाट्यानुसार दिलेले वजन, वापरणे ऐच्छिक नाही. गोव्यासारख्या छोट्या राज्याचा नमुन्यातील वाटा त्याच्या लोकसंख्येच्या मानाने मोठा असतो, त्यामुळे भारांकाविना काढलेली देशाची सरासरी तिकडे झुकते. फाइलमधील भारांक दशांशचिन्हाविना असतो. त्याला दहा लाखांनी भागावे लागते. घरगुती हिंसाचाराचे प्रश्न एका घरातील एकाच स्त्रीला विचारतात, म्हणून त्यांचा भारांक निराळा.

स्वतःचे गणित सुरू करण्याआधी अहवालातला एखादा छापील आकडा फाइलमधून काढून पाहणे ही सर्वांत भरवशाची चाचणी आहे. पाच वर्षांखालील खुज्या मुलांचे पाचव्या फेरीतील देशाचे प्रमाण ३५.५ टक्के आहे. ते जुळत नसेल तर आधी भारांक आणि वगळलेल्या खुणा पाहाव्यात, मग कोणती फाइल घेतली ते. बालकांच्या फाइलमध्ये फक्त मुलाखत दिलेल्या मातांची मुले असतात. अहवालातला आकडा कुटुंबसदस्यांच्या फाइलवरून, मुलाखतीच्या आदल्या रात्री त्या घरी राहिलेली मुले धरून काढलेला असतो.