ॲलर्जीचं इंजेक्शन म्हणजे स्टिरॉइड नव्हे

‘दम्याचं इंजेक्शन म्हणजे स्टिरॉइडच, एकदा टोचलं की जन्माची सवय’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. दम्यात देतात त्या ॲलर्जीच्या इंजेक्शनाबाबत हे साफ चूक. त्यात असतो ज्याची ॲलर्जी आहे त्याचाच, म्हणजे धुळीतल्या किड्यांचा किंवा परागकणांचा अर्क. आधी अगदी थेंबभर, मग हळूहळू वाढवत, पुढे महिन्यातून एकदा. साधारण ३ ते ५ वर्षांनी बंद. लंडनचे डॉक्टर लिओनार्ड नून यांनी १९११ मध्येच परागकणांच्या ॲलर्जीवर हा मार्ग दाखवला होता.

खरी भीती दुसरीच. दमा काबूत नसताना ही सुई घेतली तर जोराचा झटका येऊ शकतो. म्हणूनच टोचल्यावर ३० मिनिटं दवाखान्यातच बसवतात. दंडावर गांध उठली तर चालतं; घसा आवळला तर तिथल्या तिथे सांगायचं. आणि दम्याचा पंप? डॉक्टर सांगेपर्यंत तो चालूच.