मस्टँग, कॅमेरा आणि कोंडवाडा

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या पश्चिम वाळवंटात, पोनी एक्स्प्रेसच्या जुन्या टपालवाटेच्या आसपास, ओनाकी नावाचा रानघोड्यांचा, म्हणजे मस्टँगांचा कळप आहे. उन्हाळ्यात पाणवठ्यावर दोन नर मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांना भिडतात, धुरळा मावळतीच्या उन्हात पेटल्यासारखा दिसतो आणि लांब लेन्स लावून बसलेल्यांची बोटं शटरवर जातात. असे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. पण ज्या फोटोंनी या घोड्यांचं नशीब पालटलं, ते देखणे नव्हते.

आधी नावाबद्दल. ‘मस्टँग’ हा शब्द स्पॅनिश ‘मेस्तेन्यो’वरून आला. अर्थ अगदी आपल्या ‘मोकाट’सारखा, धनी नसलेलं जनावर. आपण त्यांना रानघोडे म्हणतो खरे, पण ते पाळीव घोड्यांचेच वंशज. घोड्याचा मूळ वंश उत्तर अमेरिकेतच उत्क्रांत झाला, तिथून तो सुमारे 10 हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला आणि 1519मध्ये स्पॅनिश मोहिमेचा म्होरक्या कोर्तेस मेक्सिकोत उतरला तेव्हा स्पॅनिशांच्या जहाजांतून मुख्य भूमीवर परतला. पुढे मूळनिवासींचे, वसाहतवाल्यांचे, लष्कराचे सुटलेले-सोडलेले घोडेही त्यांच्यात मिसळले. त्यामुळे ‘हे इथलेच की उपरे?’ हा वाद आजही मिटत नाही, आणि कुरणावरचा हक्क त्यावरच ठरत असल्याने तो नुसता शब्दांचा वाद नाही.

विसाव्या शतकात या घोड्यांना कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाद्यापुरतीच किंमत उरली. विमानाने हाकत त्यांना कोरड्या तळ्याच्या सपाटीवर आणायचं, ट्रकमधून फास टाकायचा. फासाच्या दुसऱ्या टोकाला जड टायर बांधलेला. तो ओढून ओढून घोडा थकला की कत्तलखान्याची वाट. 1950मध्ये नेवाडातल्या रीनो शहराजवळ वेल्मा जॉन्स्टन या कार्यालयीन सचिव बाईंना पुढच्या ट्रकमधून रक्त ठिबकताना दिसलं. त्या ट्रकमागे गेल्या आणि आत काय आहे ते त्यांनी पाहिलं. चेष्टेने मिळालेलं ‘वाइल्ड हॉर्स अ‍ॅनी’ हे नाव त्यांनी पुढे मिरवलं.

त्यांच्या हाती लागले गस बंडी यांचे फोटो. 1951च्या सुमारास बंडी यांनी अशा एका पकडमोहिमेची छायाचित्रं काढली होती: विमान, धूळ, टायरला जखडलेला घोडा. ऐकून ज्यावर विश्वास बसला नसता, ते डोळ्यांसमोर आलं. 1959च्या कायद्याने सरकारी जमिनीवर मोटारी-विमानांनी घोडे पकडण्यावर आणि पाणवठ्यांत विष कालवण्यावर बंदी आली. शाळकरी मुलांच्या पत्रांचा पाऊस पडल्यावर 15 डिसेंबर 1971 रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी संरक्षणाचा मोठा कायदा सही करून लागू केला.

इथे गोष्ट गोड व्हायला हवी होती. पण संरक्षण मिळालं तसे कळप वाढले आणि 1976मध्ये कायद्यात बदल होऊन हेलिकॉप्टरने हाकण्याची मुभा सरकारलाच मिळाली. सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याच्या मते 2020मध्ये या माळांना साधारण 27 हजार जनावरं झेपत होती. प्रत्यक्षात तेव्हा घोडे आणि गाढवं मिळून 95 हजारांच्या घरात होती. पकडलेल्यांतली दत्तक न गेलेली हजारो जनावरं सरकारी आवारांत चारा खात असतात. कोंडवाडाच तो, फक्त फार मोठा. वाळवंटातल्या पाण्या-गवताचे हाल पाहता संख्या आवरायला हवी, हे मलाही पटतं; हेलिकॉप्टर मात्र पटत नाही.

दुसरा उपाय आहे गर्भनिरोधक लशीचा. ती बंदुकीने सुईबाण मारून मादीला दुरूनच देता येते. पण नेमकी कोणती मादी? इथे छंदी फोटोवाले कामी आले. आपल्याकडे अश्वपारखी जसा पंचकल्याणी, अबलख, कुमाईत पाहताक्षणी ओळखे, तसे हे लोक कपाळावरचा पट्टा, पायातले पांढरे मोजे, कानाची चीर यांवरून घोडी ओळखतात, तिचं शिंगरू कोणतं, ती कोणत्या नराच्या टोळीत आहे याची नोंद ठेवतात. हे सारं सरकारने सांगितलेलं किमान 100 फुटांचं अंतर राखून. घोड्याने चरणं थांबवून कान टवकारले, की तुम्ही जास्तच जवळ गेलात असं समजायचं.

जुलै 2021मध्ये ओनाकीवरही हेलिकॉप्टर आलं आणि चारशेहून अधिक घोडे पकडले गेले. त्यांतले थोडेच परत सोडले. अशा मोहिमा पाहायला लोकांना ठरावीक, बहुधा लांबच्या जागी उभं करतात. त्याविरुद्ध लॉरा ली ही छायापत्रकार न्यायालयात गेली होती. 2012मध्ये अपील न्यायालयाने पाहण्याच्या हक्काचा मुद्दा नीट तपासा म्हणून प्रकरण परत पाठवलं. खालच्या न्यायालयाने पुढे निर्बंध ग्राह्य धरले. त्यामुळे पाणवठ्यावरचा धुरळा टिपणारी तीच लांब लेन्स आजही दूरच्या टेकाडावरून लोखंडी पिंजऱ्याच्या तोंडावर रोखलेली असते.