बेडूक का मेला? वर्गातल्या खेळकर वेबसाइटांची पार्श्वभूमी

डिसेंबर २०२१. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग जवळजवळ पावणेदोन वर्षांनी भरले आणि मी कपाटातला आठ जीबीचा पेनड्राइव्ह बाहेर काढला. त्यात ‘मजेशीर गणित’ नावाचं फोल्डर होतं. नेट मिळेल तिथून उतरवलेले आणि आसपासच्या शाळांच्या आमच्या केंद्रातल्या इतर शिक्षकांकडून मागून घेतलेले खेळ. फुगे फोडत बेरीज करायची, काटे सरकवून घड्याळात सव्वाचार वाजवायचे, बेडकाला फक्त सम संख्यांच्या पानांवरून उड्या मारायला लावून तळं पार करायचं. तिसरीतल्या एका पोराने बेडकावर दोनदा क्लिक केलं. पडदा पांढरा. पुन्हा केलं, पुन्हा पांढरा. “सर, बेडूक मेला.”

मेला होता तो फ्लॅश, म्हणजे असे खेळ संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम. अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअरची देखभाल थांबवली आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात काहीही चालणार नाही अशी सोय केली. घोषणा जुलै २०१७ मध्येच झाली होती, पण ती वाचून आपलं फोल्डर तपासणारा शिक्षक माझ्या तरी पाहण्यात नाही. त्यात शेवटचं वर्ष टाळेबंदीत गेलं. मुलं घरी, संगणक कुलपात, आणि खेळ मागच्या मागे गेले.

गंमत म्हणजे त्याच फोल्डरमधले तीन-चार खेळ मात्र व्यवस्थित उघडले. त्यांच्या नावापुढे एसडब्ल्यूएफ ही फ्लॅशच्या फाईलची खूण नव्हती, ईएक्सई होतं. म्हणजे खेळ बनवणाऱ्याने फ्लॅश प्लेअरच खेळाच्या पोटात भरून ठेवला होता. ब्राउझर नको, नेट नको, कंपनीची परवानगी नको. शिदोरी सोबत घेऊन निघालेला खेळ कुणाच्या दारात अडला नाही. हा फरक वरवर तांत्रिक वाटतो, पण वर्गात संगणकावर खेळून शिकण्याच्या साऱ्या इतिहासात तो पुन्हा पुन्हा आडवा येतो.

अगदी सुरुवातीलाही आला होता. १९७१ साली अमेरिकेत मिनिआपोलिसच्या एका शाळेत डॉन रॅविच नावाचा तरुण प्रशिक्षणार्थी म्हणून इतिहास शिकवत होता. आठवीच्या मुलांना पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतवाल्यांचा ओरेगनपर्यंतचा प्रवास शिकवायचा होता. त्याच्या सोबत राहणारे बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर गणित शिकवायचे आणि त्यांना प्रोग्रॅमिंग येत होतं. तिघांनी मिळून थोड्या दिवसांत ‘ओरेगन ट्रेल’ हा खेळ लिहिला. त्याला पडदा नव्हता. वर्गात टेलिप्रिंटर, तो फोनच्या तारेने दूरच्या संगणकाला जोडलेला. बैलगाडीचं काय झालं, धान्य किती उरलं, हे कागदावर खडखडत छापून यायचं आणि मुलं घोळका करून पुढची ओळ येण्याची वाट बघायची. शिकार करायची तर ‘बँग’ हा शब्द जितक्या झटकन टाइप कराल तितका नेम बरा.

सत्र संपलं, रॅविचची उमेदवारी संपली आणि त्याने खेळ संगणकावरून पुसून टाकला. पुसण्याआधी प्रोग्रॅमची प्रत मात्र छापून घरी नेली. पुढे राज्यातल्या शाळांना संगणक पुरवण्यासाठी १९७३ मध्ये मेक ही संस्था निघाली. रॅविच तिथे नोकरीला लागला आणि १९७४ मध्ये कागदाची ती भेंडोळी समोर ठेवून त्याने सगळं पुन्हा टाइप केलं. कित्येक अमेरिकन मुलांनी जो खेळ खेळला, तो कागदावर जपून ठेवल्यामुळे वाचला.

संगणकाने कसं शिकवावं याबद्दल त्या काळात दोन मतं होती, आणि आजच्या वेबसाइटांतही ती वेगळी ओळखता येतात. एक होतं कवायतीचं. संगणकाने प्रश्न टाकायचा, मुलाने उत्तर द्यायचं, बरोबर आलं की पुढे. इलिनॉय विद्यापीठात १९६० पासून चाललेल्या प्लेटो यंत्रणेत पुढे बरंच काही झालं, पण सुरुवातीचा साचा साधारण हाच. दुसरं मत सीमोर पेपर्ट यांचं. मुलाने संगणकाला शिकवावं, संगणकाने मुलाला नव्हे. १९६७ मध्ये त्यांनी वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासोबत लोगो ही भाषा तयार केली. तिच्यातलं पडद्यावर रेघ ओढत चालणारं कासव आपल्याकडच्या इंग्रजी शाळांतून शिकलेल्या अनेकांना आठवेल. एफडी ५० (पुढे ५०), आरटी ९० (उजवीकडे ९० अंश), असं चार वेळा केलं की चौकोन. पाचव्यांदा केलं तर काय होतं, हे बघायला कुणी सांगावं लागत नसे. माझा बेडूक खरं म्हणजे कवायतच होता, हिरवा रंग दिलेली. ते कळूनही मी तो वापरत होतो, कारण सम-विषमसाठी कवायत लागतेच.

फ्लॅश आला १९९६ मध्ये. आधी फ्यूचरस्प्लॅश नावाने, मग मॅक्रोमीडियाने तो विकत घेतला, आणि २००५ मध्ये मॅक्रोमीडियाच अडोबीकडे गेली. फनब्रेन आणि कूलमॅथ या वेबसाइटा १९९७ च्या, बीबीसीची बाइटसाइझ १९९८ ची. अशा वेबसाइटांवर पुढे खेळांचा पूर आला, आणि तो बव्हंशी फ्लॅशचा होता. फ्लॅशची चित्रं ठिपक्यांनी नव्हे तर रेषांच्या गणिताने साठवलेली असल्याने फाईल चिमुकली राहायची. टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या नेटवरही बेडूक दोन-तीन मिनिटांत उतरायचा. शिवाय थोडी खटपट केली तर शिक्षकालाही असा खेळ बनवता यायचा.

मराठीसाठी आणखी एक कारण होतं, ते सहसा कुणी सांगत नाही. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरांची एकच पद्धत, रुळण्याआधी आपली अक्षरं शिवाजी, श्रीलिपी असल्या फॉन्टांवर चालायची. समोरच्या संगणकात तोच फॉन्ट नसला की ‘कमळ’च्या जागी भलतीच चिन्हं. फ्लॅशमध्ये अक्षरांचे आकारच फाईलमध्ये गोठवता येत, त्यामुळे ‘कमळ’ कुठेही कमळच दिसायचं. मराठी ई-लर्निंगचे संच इतकी वर्षं फ्लॅशला चिकटून राहिले, त्यामागे आळस होता तसं हेही होतं.

आपल्याकडे मात्र वर्गात आधी आला तो टीव्ही. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ नावाच्या टीव्हीच्या प्रयोगात नासाच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. सकाळचे शाळकरी मुलांसाठी असत. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. आपली पाळी आली १९८४ मध्ये, पुण्यात शाळकरी मुलांसाठी टीव्हीचे कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी सुरू झाली तेव्हा. ज्या शाळेत टीव्ही होता आणि त्या वेळी वीजही होती, तिथल्या मुलांनी त्यातले धडे पाहिले. कार्यक्रम थांबवता येत नसे, मागे नेता येत नसे, ही खरी अडचण. २०१७ मध्ये ही संस्था बंद झाली.

त्याच १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या संगणक-साक्षरता प्रकल्पातून काही निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोहोचले. प्राथमिक शाळा त्यात कुठेच नव्हती. तिच्या बाबतीत लक्षात राहण्याजोगा प्रयोग झाला तो २००७ मध्ये. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग रायगडच्या कर्जत तालुक्यातल्या खैरातच्या शाळेत झाला. विसेक मुलं, एक शिक्षक, आणि प्रत्येकाच्या हाती हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप. मोहीम पेपर्ट यांच्याच विचारांतून निघालेली. यंत्रं एकमेकांशी बिनतारी जोडली जात, म्हणजे बाहेरचं नेट नसलं तरी मुलं आपापसात एकच चित्र मिळून काढू शकत. पुढे देशभर तसं काही पसरलं नाही, पण ही एक गोष्ट त्या लोकांना नेमकी कळली होती.

‘डिजिटल शाळा’ हा शब्द गावोगाव गेला तो २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर. त्याआधीच शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड यांनी सौरऊर्जेवर वर्ग चालवून दाखवला होता आणि तो बघायला दुरून शिक्षक जात. मग लोकवर्गणी सुरू झाली. जत्रेच्या वर्गणीतून प्रोजेक्टर, मुंबईला कामाला असलेल्या मंडळींकडून टॅब. तंत्रस्नेही शिक्षकांची शिबिरं झाली, ब्लॉग निघाले, मराठी चाचण्या तयार झाल्या. वीजबिल मात्र शाळेच्या माथी, म्हणून कित्येक ठिकाणी प्रोजेक्टर आला आणि वीज तोडली गेली.

टॅब आले तेव्हाच फ्लॅशची घंटा वाजली होती, आम्हाला ऐकू आली नाही इतकंच. आयफोनने फ्लॅश कधी घेतलाच नव्हता आणि अँड्रॉइडवर त्याचा पुरवठा २०१२ मध्ये बंद झाला. त्यामुळे नव्या कोऱ्या टॅबवर बेडूक उघडेना आणि वर्गातला जुना, धूळ बसलेला संगणक मात्र तो सहज चालवी. आम्ही समजलो, टॅब हलका निघाला.

ज्यांच्याकडे माणसं आणि पैसा होता त्यांनी वेळीच घर बदललं. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी नोबेल मिळाल्यानंतर २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात फेट हा पडद्यावर विज्ञानाचे प्रयोग करून बघण्याचा प्रकल्प सुरू केला होता. त्यातले फ्लॅश आणि जावावरचे कितीतरी प्रयोग ब्राउझरला थेट कळणाऱ्या नव्या एचटीएमएल ५ मध्ये पुन्हा लिहिले गेले. त्यांतले बरेच मराठीतही आहेत आणि उतरवून घेऊन नेटशिवाय चालतात. चौथीला अपूर्णांक शिकवायला यासारखं दुसरं मला सापडलेलं नाही. एमआयटीच्या स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेने जानेवारी २०१९ मध्ये फ्लॅश सोडला. एकट्यादुकट्याने बनवलेले खेळ मात्र जागच्या जागी राहिले.

या सगळ्यांत निराळी वेबसाइट म्हणजे अरविंद गुप्तांची. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं. ही शोधिका पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली. तिच्या इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’, यातली कोटी मराठी वाचकाला सांगायला नको. गुप्तांच्या वेबसाइटवर टाकाऊतून खेळणी करण्याचे छोटे व्हिडिओ आहेत, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्रिकोण, घनाकृती वगैरे. व्हिडिओ एकदा बघायचा, पडदा बंद करायचा आणि करायला बसायचं. मुलं पडद्यापासून जितकी लांब जातील तितकी यशस्वी ठरणारी वेबसाइट मी दुसरी पाहिलेली नाही.

५ सप्टेंबर २०१७ ला केंद्र सरकारचं दीक्षा हे डिजिटल अभ्याससाहित्याचं व्यासपीठ आलं आणि बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापले जाऊ लागले. ही कल्पना माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतली. २००९ पासून तिथे शिकवणारे रणजितसिंह डिसले कवितेचं ध्वनिमुद्रण, धड्यावरचा व्हिडिओ हे सगळं कोडमधून पुस्तकाला जोडत होते. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं आणि निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. कोडची अडचण ज्याने वापरला त्याला विचारा. फोन पालकांचा, पालक रानात, आणि संध्याकाळी फोन घरी येतो तेव्हा पॅक संपलेला.

म्हणूनच टाळेबंदीत, जुलै २०२० मध्ये, एमकेसीएलची (महाराष्ट्र ज्ञान महामंडळ) ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका सह्याद्री वाहिनीवर लागली. बालचित्रवाणी मिटल्यावर तीन वर्षांनी पुन्हा टीव्हीच. ज्या घरी नेट नव्हतं तिथेही ती बघता आली.

बेडकाचं पुढे असं झालं. रफल नावाचा एक मुक्त प्रोग्रॅम आहे, तो फ्लॅशची नक्कल करतो. केंद्रातल्या एका तरुण शिक्षकाने तो पेनड्राइव्हवर आणून दिला. फ्लॅशच्या जुन्या पद्धतीने लिहिलेले खेळ तेव्हा रफलवर चांगले चालत, नंतरच्या पद्धतीचे अडखळत. बेडूक जुना, म्हणून उठला. चार, सहा, आठ करत तळ्यापार गेला आणि वर्गात आरडाओरडा झाला. घड्याळ नव्या पद्धतीचं, ते पांढरंच राहिलं. सव्वाचार वाजवायला पुठ्ठ्याचं घड्याळ काढलं, त्याच्या टाचणीला नवं बूच लावावं लागलं.